एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह एका संगणकावर उघडतो, दुसऱ्यावर नाही : शोध कुठून सुरू करायचा

ड्राइव्ह एका संगणकावर सुरळीत उघडतो. तोच काढून दुसऱ्याला लावला की विंडोज म्हणतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.' मॅक म्हणतो, 'जोडलेली डिस्क या संगणकाला वाचता येत नाही.' लिनक्स 'माउंट करता आलं नाही', म्हणजे वापरासाठी जोडून घेता आलं नाही, एवढं सांगून मोकळं होतं. नवख्याचा हात अशा वेळी 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' या बटणाकडे जातो, कारण पडद्यावर पुढे जायचा तेवढाच रस्ता दिसत असतो. ते बटण दाबू नका. विंडोजवर 'कॅन्सल' म्हणा, मॅकवर 'इग्नोर' म्हणा, आणि मग पुढचं वाचा.

जुन्या ट्रंकेत मोडीतला कागद सापडला आणि आपल्याला मोडी येत नसली, तरी कागद कोरा आहे असं आपण म्हणत नाही. संगणकाला मात्र अनोळखी लिपी आणि कोरा कागद यांतला फरक बहुतेक वेळा कळत नाही. तो अगदी अदबीनं विचारतो, 'पुसून स्वच्छ करून देऊ का?' आणि आपण हो म्हटलं की खरंच पुसतो.

ड्राइव्हच्या बाबतीत ही लिपी म्हणजे फाइल सिस्टिम : कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, तिचं नाव काय, ती केवढी, याची नोंद ठेवण्याची पद्धत. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची आपली एक पद्धत असते, आणि शेजाऱ्याची पद्धत शिकून घ्यायची प्रत्येकाची तयारी वेगवेगळी.

शोध सुरू करण्याआधी एक काम उरकून घ्या. ज्या संगणकावर ड्राइव्ह उघडतो आहे, तिथे आतल्या महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढा. प्रत हातात असली की पुढचे सगळे प्रयोग निवांतपणे करता येतात.

कोणाला कोणती लिपी येते

एनटीएफएस ही विंडोजची घरची फाइल सिस्टिम, १९९३ च्या विंडोज एनटीपासूनची. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. मॅकवर फोल्डर उघडतात, फोटो दिसतात, व्हिडिओ चालतो, पण नवीन फाइल टाकायला गेलं की पेस्टच होत नाही. ड्राइव्हला कुलूप लागलं असं समजून लोक किल्ली शोधत बसतात. कुलूप वगैरे काही नसतं, मॅकला एनटीएफएस फक्त वाचता येते. तिच्यावर लिहिण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात, पण रोजच्या देवाणघेवाणीसाठी मी त्यांच्या वाटेला जात नाही. मॅकची नवी आवृत्ती आली की ती चालतात का हे पुन्हा तपासत बसावं लागतं. लिनक्सवर एनटीएफएस वाचताही येते आणि लिहिताही येते. आधी हे काम एनटीएफएस-३जी नावाचा प्रोग्रॅम करायचा, २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) कर्नलमध्येच त्याचा ड्रायव्हर आहे.

मॅकच्या घरच्या दोन. १९९८ ची एचएफएस प्लस, जिला डिस्क युटिलिटीत 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' म्हणतात, आणि २०१७ पासूनची एपीएफएस. विंडोजला मुळात यातली एकही येत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ विंडोजच्या फाइल एक्सप्लोररलाही उघडत नाही आणि मॅकलाही नाही.

उरल्या दोन सामायिक. फॅट३२ जवळपास सगळ्यांना येते, टीव्ही आणि गाडीतल्या म्युझिक सिस्टिमलासुद्धा. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. नेमका आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. ड्राइव्हवर सहाशे जीबी मोकळे असताना विंडोज 'फाइल फार मोठी आहे' म्हणून पाच जीबीचा व्हिडिओ नाकारतं, ते यामुळे. दुसरी एक्सफॅट. ती मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली, तिच्यात ही मर्यादा नाही, आणि विंडोज व मॅक दोघंही तिच्यावर वाचतात-लिहितात. लिनक्सकडे ती उशिरा रुळली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून तिचा चांगला ड्रायव्हर आतच आला. त्याआधीचं लिनक्स असेल तर एक्सफॅटचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. 'लिनक्सवर एक्सफॅट चालत नाही' हे अजून ऐकू येतं ते त्या काळातलं.

एन्क्रिप्शन असेल, म्हणजे डेटा सांकेतिक करून कुलूपबंद केलेला असेल, तर गोष्ट वेगळीच. विंडोजच्या बिटलॉकरनं बंद केलेला ड्राइव्ह मॅकला निव्वळ अर्थहीन बाइट वाटतो आणि तो 'वाचता येत नाही' म्हणतो, आतली फाइल सिस्टिम एक्सफॅट असली तरी. ड्राइव्ह ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर वापरला गेला असेल तर ही शंका आधी घ्या. विंडोजमध्ये त्याच्या चित्रावर कुलूप दिसतं.

आधी तार

हे लवकर उरकू. दिवा लागतो का, हात लावला तर फिरण्याची थरथर जाणवते का, हे बघा. दिसायला सारख्या असलेल्या काही यूएसबी-सी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. दुसरी केबल लावून बघा, शक्यतो ड्राइव्हबरोबर आलेलीच. यूएसबी हब मधे असेल तर काढा. यूएसबी २ च्या सॉकेटमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि फिरणाऱ्या तबकडीला सुरुवातीचा वेग घ्यायलाच जास्त वीज लागते. एका संगणकावर ड्राइव्ह चालतो आणि दुसऱ्यावर मधेच बंद पडतो, यामागे अनेकदा फाइल सिस्टिम नसतेच, सॉकेट अशक्त असतं.

ड्राइव्हमधून ठराविक लयीत 'टक् टक्' असा आवाज येत असेल तर पुढची एकही पायरी करू नका. तो यांत्रिक बिघाड असतो. ड्राइव्ह काढून ठेवा. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

'दिसत नाही' म्हणजे नक्की कुठे दिसत नाही?

'ड्राइव्ह दिसत नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी मावतात. संगणकाला उपकरणच दिसत नाही. उपकरण दिसतं पण त्यावरची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, समजत नाहीत. पार्टिशन समजतात पण आतली फाइल सिस्टिम वाचता येत नाही. तिघांचे उपाय वेगळे, म्हणून आधी आपण कुठल्या पायरीवर अडलो आहोत ते ठरवायचं. ते विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये कळत नाही, कारण तिथे फक्त शेवटपर्यंत पास झालेले ड्राइव्ह येतात.

विंडोजवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. डाव्या टोकाला डिस्क ०, डिस्क १ असा क्रमांक आणि एकूण जागा. जागेवरून आपली डिस्क ओळखा. डिस्क ० बहुधा संगणकाची स्वतःची असते, तिला हात लावायचा नाही. आता त्या पट्टीवर काय लिहिलं आहे ते वाचा.

पट्टीच नाही : उपकरण पोचलेलंच नाही. परत तारेकडे.

'अनअलोकेटेड', वर काळी रेघ : डिस्क दिसते, पण पार्टिशनची यादी विंडोजला सापडत नाही.

'रॉ' असा शब्द : पार्टिशन आहे, फाइल सिस्टिम अनोळखी आहे किंवा बिघडलेली आहे. दुसऱ्या संगणकावर ड्राइव्ह नीट उघडत असेल तर पहिलं, कुठेच उघडत नसेल तर दुसरं.

'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट', 'हेल्दी', पण पुढे ड्राइव्हचं अक्षर नाही : ही सगळ्यांत सुखाची परिस्थिती. राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' घ्या, एखादं मोकळं अक्षर द्या. झालं.

आणखी एक चित्र ओळखून ठेवण्यासारखं आहे. पट्टीच्या सुरुवातीला २०० एमबीचा छोटासा तुकडा, त्यावर 'ईएफआय', आणि त्यापुढे एक लांबलचक पार्टिशन : 'हेल्दी' म्हणतं, पण फाइल सिस्टिमचं नाव नाही, अक्षर नाही. त्यावर राइट क्लिक केलं की मेनूतल्या जवळपास सगळ्या ओळी फिकट असतात, एकच ठळक असते : 'डिलीट व्हॉल्यूम'. हा ड्राइव्ह बहुतेक मॅकवर तयार झालेला आहे आणि पूर्ण धडधाकट आहे. मेनूत एकच ओळ चालू आहे म्हणून ती दाबायची नसते. मेनू बंद करा आणि ड्राइव्ह मॅककडे परत न्या.

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा आणि आधी 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. हे केलं नाही तर डावीकडे फक्त आतली व्हॉल्यूम (फाइली ठेवायचे भाग) दिसतात आणि खुद्द उपकरण लपून राहतं. मग पुढचं सगळं अर्धवट माहितीवर होतं. उपकरणाखालचं नाव फिकट दिसत असेल तर ते निवडून वर 'माउंट' दाबा. लिनक्सवर 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम हेच सगळं चित्ररूपात दाखवतो. टर्मिनल आवडत असेल तर एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरं लहान लिपीत, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून एफ. प्रत्येक पार्टिशनसमोर तिच्या फाइल सिस्टिमचं नाव येतं.

मॅकवर दिवा लुकलुकतो पण ड्राइव्ह येत नाही

यात मी स्वतः अडकलो होतो. एक्सफॅटचा ड्राइव्ह विंडोजवर कॉपी चालू असताना घाईत उपसला आणि मॅकला लावला. दिवा अखंड लुकलुकतोय, फाइंडरमध्ये काही नाही, डिस्क युटिलिटीत नाव फिकट, आणि 'माउंट' दाबलं की नुसतं चक्र फिरतंय. केबल बदलली, मॅक परत चालू केला, तेच. शेवटी ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून वरच्या शोधचौकटीत एफ-एस-सी-के ही चार अक्षरं टाकली, तर एक्सफॅट तपासणारा प्रोग्रॅम मागे गुपचूप चाललेला. ड्राइव्ह नीट बंद केलेला नाही अशी खूण त्यावर राहिली होती, म्हणून मॅक तो दाखवण्याआधी आतल्या सगळ्या नोंदी तपासत होता, आणि याबद्दल पडद्यावर एक अक्षरही नाही. मी प्रत्येक वेळी केबल काढून त्याची तपासणी अर्धवट तोडत होतो. मग हात मागे घेतला, जेवून आलो, ड्राइव्ह आपोआप उघडलेला होता.

मोठ्या आणि भरलेल्या ड्राइव्हला यात तासन्‌तास लागू शकतात. विंडोजचा संगणक जवळ असेल तर तिथे नेणं जास्त सोपं : ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. खूण निघाली की मॅक लगेच उघडतो.

लिनक्स म्हणतं : विंडोजनं अजून सोडलेला नाही

लिनक्सवर एनटीएफएसचा ड्राइव्ह एकतर उघडतच नाही किंवा फक्त वाचण्यापुरता उघडतो, आणि संदेशात 'अनक्लीन' असा शब्द येतो. याचं मूळ विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'मध्ये असतं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपली काही अवस्था डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं. तेव्हा बाहेरचा ड्राइव्ह जोडलेला असेल तर त्याच्या नोंदीही अर्ध्या स्मृतीत अडकतात. लिनक्स ते ओळखतं आणि लिहायला नकार देतं. त्याचं बरोबर आहे. त्यानं त्यावर काही लिहिलं आणि नंतर विंडोज जुन्या आठवणी घेऊन उठलं तर दोघांचे हिशेब कधीच जुळणार नाहीत.

उपाय विंडोजवरच करायचा. ड्राइव्ह जोडा, 'इजेक्ट' करा, मग काढा. संगणक बंद करतानाच ड्राइव्ह काढायची सवय असेल तर शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' म्हणा, तेव्हा तो खरा बंद होतो. 'रीस्टार्ट'लाही फास्ट स्टार्टअप लागू होत नाही, हे अनेकांना उलटं वाटतं. कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये पॉवर बटणांच्या पानावर त्याची खूण काढून टाका. लिनक्सवर एनटीएफएसफिक्स नावाचं साधन आहे, पण ते थोड्या वरवरच्या दुरुस्त्या करून खूण पुसतं, पूर्ण तपासणी करत नाही. विंडोजचा संगणक हाताशी नसेल तरच ते वापरा.

लिनक्सचीही एक खोड सांगायला हवी. कॉपीची पट्टी झर्रकन शंभर टक्क्यांवर जाते तेव्हा बराचसा डेटा अजून मेमरीतच असू शकतो. 'इजेक्ट' म्हटल्यावर दोन-चार मिनिटं काही होत नाही असं वाटतं. खरं लिहिणं तेव्हा चालू असतं. 'आता काढायला हरकत नाही' असं म्हणेपर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या बाजूला, ईएक्सटी४ चा ड्राइव्ह एका लिनक्सवरून दुसऱ्यावर नेला आणि 'परवानगी नाही' असं आलं, तर तो बिघाड नव्हे. ईएक्सटी४ मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. तिकडे तुमचा क्रमांक १००० होता, इकडे १००१ आहे, म्हणून फाइली परक्याच्या ठरल्या. प्रशासकाच्या अधिकारानं मालकी बदलली की झालं.

एक टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी कसा?

ड्राइव्ह बनवणारे एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, एकावर बारा शून्यं, एवढे बाइट धरतात. विंडोज मोजताना १०२४ च्या पटीत मोजतं पण नाव जीबी असंच लावतं, म्हणून तिथे ९३१ येतात. मॅक २००९ च्या स्नो लेपर्डपासून दहाच्या पटीत मोजतो, तिथे त्याच ड्राइव्हचा पूर्ण एक टीबी दिसतो. जागा कोणी खाल्लेली नसते.

पण चार टीबीच्या ड्राइव्हवर दोनच टीबी वापरता येत असतील तर तो मापाचा फरक नाही. पार्टिशनची यादी लिहिण्याची एमबीआर ही जुनी पद्धत नेहमीच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) सुमारे २.२ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही. त्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत लागते. ड्राइव्ह रिकामा करून नव्यानं पार्टिशन करताना तीच निवडा.

जागेचं तिसरं कोडं जास्त गमतीचं. मॅकवर तीस जीबीच्या फाइली डिलीट केल्या, विंडोजला लावला, तर जागा मोकळी झालेलीच नाही. प्रत्येक सिस्टिम बाहेरच्या ड्राइव्हवर आपली वेगळी, लपलेली कचरापेटी ठेवते आणि दुसरीच्या पेटीची दखल घेत नाही. मॅकवर टाकलेलं मॅकवरच जाऊन 'एम्प्टी ट्रॅश' करावं लागतं, लिनक्सवरचं लिनक्सवर. टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणाऱ्या बारक्या फाइली विंडोजवर दिसतात, त्या मॅकच्या. फाइलीबद्दलची जी जादा माहिती एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये मावत नाही ती मॅक तिथे ठेवतो. व्हायरस नाही. विंडोजवरून पुसल्या तर फोटो-व्हिडिओचं काही बिघडत नाही.

नावात अडकलेल्या फाइली

ड्राइव्ह उघडतो, फोल्डर दिसतात, पण एखादी फाइल काही केल्या उघडत नाही किंवा कॉपी मधेच थांबते. नाव बघा. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा कोलन, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि दोन्ही तिरक्या रेघा चालत नाहीत. शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नाही. लिनक्सवर यांतलं पुढे झुकलेली तिरकी रेघ (/) सोडून सगळं चालतं. त्यामुळे '१०:३० ची बैठक' हे नाव लिनक्सवर निर्धास्त दिलं जातं आणि विंडोजवर गळ्यात येतं. ज्या सिस्टिमवर फाइल तयार झाली तिथेच नाव बदला. तसंच लिनक्सला कॅपिटल ए आणि स्मॉल ए ही दोन वेगळी अक्षरं, विंडोजला एकच. फक्त तेवढाच फरक असलेल्या दोन फाइली एक्सफॅटवर एकत्र राहूच शकत नाहीत. कॉपी करताना 'बदलू का?' असा प्रश्न आला तर आंधळेपणानं हो म्हणू नका.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक खास भानगड आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, 'दुसऱ्या'तला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही अगदी सारखे, संगणकाच्या लेखी भिन्न. मॅकची एचएफएस प्लस नावं साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवते. त्यामुळे जुन्या मॅक ड्राइव्हवरून टर्मिनलनं लिनक्सवर फाइली नेल्या की कधी 'दुसऱ्या दिवसाचे फोटो' या नावाचं फोल्डर दोनदा दिसतं, आणि शोधून बघावं तर त्यांतलं एकच सापडतं. दोन्ही उघडून आतल्या फाइली एकत्र करा, उरलेल्याचं नाव कीबोर्डवर नव्यानं टाइप करा. आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हे रूपांतर कॉपी करतानाच करायचा पर्याय त्याच्यात मिळतो.

डबी बदलली आणि ड्राइव्ह कोरा झाला

ड्राइव्हची बाहेरची डबी बिघडली म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली, आणि सगळीकडे 'अनअलोकेटेड' किंवा 'रॉ'. घाबरू नका. काही डब्यांमधली चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे म्हणून दाखवते, काहींमधली तर डेटा परस्पर एन्क्रिप्ट करते. नव्या डबीला तो हिशेब माहीत नसतो. डिस्क जुन्या डबीत, किंवा अगदी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डबीत, परत घालून बघा. तोवर तिच्यावर काहीही लिहू नका.

फॉरमॅट करायचाच असेल तर

फाइली न पुसता एनटीएफएसची एक्सफॅट किंवा एपीएफएसची एनटीएफएस करून देणारं साधन विंडोज किंवा मॅकमध्ये आधीपासून नसतं. प्रत काढायची, फॉरमॅट करायचं, परत भरायचं, हाच मार्ग. प्रत काढली म्हणजे नुसती कॉपीची पट्टी संपू दिली असं नव्हे. त्यातल्या पाच-दहा फाइली उघडून बघा.

कोणती फाइल सिस्टिम घ्यायची? फक्त विंडोज आणि लिनक्स असेल तर मी डोळे मिटून एनटीएफएस घेतो. ती बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे मधेच केबल निघाली तरी सावरते. मॅकही मधे असेल तर एक्सफॅट, पण तिला ही नोंदवही नसते, म्हणून एक्सफॅटचा ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठेवा, एकुलत्या एक प्रतीसाठी नको. मॅकची बॅकअप घेणारी टाइम मशीन आणि फोटोंची लायब्ररी यांना मॅकचीच फाइल सिस्टिम द्या. दोन्ही कामं एकाच ड्राइव्हवर हवी असतील तर त्याची दोन पार्टिशन करा, एक एपीएफएस आणि एक एक्सफॅट. विंडोजला दुसरीच दिसेल, आणि पहिलीबद्दल त्यानं काही विचारलं तर 'कॅन्सल'.

विंडोज वापरात असेल तर एक्सफॅटचं फॉरमॅट विंडोजवर करावं असं माझं मत. मॅक आणि लिनक्स त्याचं केलेलं सहसा बिनतक्रार घेतात. 'अलोकेशन युनिट' आहे तसंच राहू द्या. मॅकवर करत असाल तर 'शो ऑल डिव्हायसेस' करून सगळ्यांत वरचं उपकरण निवडा, 'इरेज', फॉरमॅट 'एक्सफॅट' आणि स्कीम 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' (म्हणजेच जीपीटी). शेवटचं बटण दाबण्याआधी उपकरणाची जागा पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा. दोन ड्राइव्ह जोडलेले असतील तर नको तो आधी काढूनच ठेवा. ड्राइव्हला नाव छोटं द्या. एक्सफॅटमध्ये ११ चिन्हं मिळतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'छायाचित्रे' एवढ्या नावातच दहा संपतात.

फॉरमॅट करणं शक्यच नसेल, ड्राइव्ह दुसऱ्याचा असेल, तर तो ज्या संगणकाला वाचता येतो त्यालाच लावा आणि फोल्डर नेटवर्कवर शेअर करा. तेव्हा डिस्क वाचायचं काम तो संगणक करतो, तुमच्यापर्यंत फक्त फाइली येतात, आणि फाइल सिस्टिम कुठलीही असली तरी चालतं. वेग कमी मिळेल, एवढंच.

नव्यानं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर सगळा डेटा भरण्याआधी दोनच फाइली टाका. एक ४ जीबीपेक्षा मोठी, आणि एक जिच्या नावात 'दुसऱ्या' हा शब्द आहे अशी. 'इजेक्ट' करा, काढा, दुसऱ्या संगणकाला लावा, दोन्ही उघडा, तिथून तिसरी एक छोटी फाइल लिहा, परत 'इजेक्ट'. मग पहिल्या संगणकावर येऊन ती तिसरी फाइल उघडते का बघा. उघडली की भरायला घ्या.